आम्ही आत होतो

प्लॅस्टिकच्या पलीकडे एक माणूस उभा होता आणि तो आमच्या दाराला चिकटपट्टी लावत होता.

पाणी प्यायला म्हणून मी जिन्याकडे आले होते. आमच्या सतराव्या मजल्यावरचे नळ तोडून टाकलेले, त्यामुळे आम्ही एक जिना उतरून सोळाव्यावर जायचो. त्या दिवशी दार उघडलं तर समोर जाड प्लॅस्टिकचा पडदा. वरून खालपर्यंत ताणलेला. पलीकडच्या माणसाच्या तोंडावर रबरी मुखवटा होता, दोन्ही गालांवर दोन गोल डबे. हातातल्या पट्टीचा चर्र चर्र आवाज येत होता.

मी पडद्यावर थाप मारली. "ओ साहेब! आम्ही आत हाय."

तो दचकला. मुखवट्यातून घोगरा आवाज आला. "सामानाच्या लिफ्टने जा. इकडचा रस्ता बंद केलाय."

"कशापायी?"

"धूळ बाहेर जायला नको."

"अन् आम्ही?"

खाली वाकून त्यानं शेवटची पट्टी लावली आणि अंगठ्यानं दाबत दाबत कोपऱ्यापर्यंत नेली. कुठे फट राहिली का, ते पाहण्यासाठी पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग जिना उतरून निघून गेला.

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. मी सत्तरीला आले. पण तो अंगठा आठवला की अजून माझ्या कानशिलाच्या शिरा उडतात.

माझं नाव हौसाबाई. माण तालुक्यातली मी. आमचे मालक तात्याबा, पण सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणू लागले. ते आधी गिरणीत होते. वाफेच्या नळांवर लेप चढवायचा, गुंडाळी करायची, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली तशी ते मिळेल त्या ठेकेदाराकडे जाऊ लागले. आणि मीही त्यांच्याबरोबर बिगारीला.

नीलसिंधू ही समुद्रासमोरची बावीस मजली इमारत. बांधली तेव्हा म्हणे लोक लांबून बघायला यायचे. सतरावा मजला एका नव्या कंपनीला द्यायचा होता, म्हणून आतलं सगळं काढून नवं करायचं चाललं होतं. छताच्या लोखंडी तुळयांवर आणि थंड हवेच्या पत्र्याच्या नळांवर राखाडी रंगाचा जाड थर फवारलेला होता, ओल्या कापसासारखा. तो खरवडून काढायचा. मिस्त्री, सर्जेराव आणि आणखी काही गडी परांचीवर उभं राहून पटाशीनं तो ओरबाडायचे. खाली मी आणि रंगूबाई तो भुसा खराट्यानं गोळा करून पोत्यात भरायचो.

पडताना तो पिठासारखा पडायचा. उन्हाचा पट्टा खिडकीतून आला की त्यात बारीक बारीक तुसं चमकायची, खाली बसायचीच नाहीत. दुपारी तिथंच भाकरी सोडायची. भाकरीवरून हात फिरवून भुसा झटकायचा आणि खायचं. सर्जेराव डोक्यापासून पायापर्यंत पांढरा व्हायचा. रंगूबाई त्याला म्हणायची, "आला बघा गोसावी, वाढा भिक्षा." आम्ही हसायचो.

तोंडाला बांधायला काय, तर आमचाच पदर आणि गड्यांचे रुमाल. मुकादम चौगुलेला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे काय असतं हो?"

"कापूस," चौगुले म्हणाला. "आग लागू नये म्हणून लावत्यात. काय होत न्हाई त्यानं."

मिस्त्रींना तेव्हा टीबीच्या गोळ्या चालू होत्या. सरकारी दवाखान्यातून आणायचो. पहिला कोर्स झाला, दुसरा चालू होता. खोकला हलत नव्हता आणि वजन भरत नव्हतं. परांचीच्या चार फळ्या चढल्या की ते थांबायचे, बांबूला धरून उभे राहायचे. कुणी बघितलं तर पटाशीची धार बघतोय असं दाखवायचे.

तर, दार बंद झालं. मी परत आले आणि सांगितलं. सर्जेराव खिडकीकडे गेला. खिडक्याही आदल्या दिवशीच पट्ट्या मारून बंद केल्या होत्या. समोरच्या इमारतीतून तक्रार आली म्हणून, असं आम्हाला सांगितलं होतं. आता हवा यायला कुठूनच वाट नव्हती. छत खरवडलं जात होतं आणि भुसा आमच्याभोवती नुसता तरंगत होता.

चौगुले सामानाच्या लिफ्टनं वर आला, पण लिफ्टच्या बाहेर काही पडला नाही. आतूनच ओरडला, "काय झालं? काम का थांबलंय?"

"दार का बंद केलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"खालच्या ऑफिसातल्या लोकांना धुळीची ॲलर्जी हाय. त्यांना सुट्टी दिलीया. त्यांच्या मशिनींवर धूळ बसायला लागलीया."

"मंग आम्हाला बी रुमालाऐवजी काय तरी द्या की," मी म्हणाले.

"तुम्हाला सवय हाय, बाई," चौगुले म्हणाला आणि लिफ्टचं जाळीचं दार ओढून घेतलं.

दुपारी मी पोती घेऊन खाली गेले. इमारतीच्या मागच्या अंगणात आम्ही ती रचून ठेवायचो. तिथं तो सकाळचा माणूस उभा होता, मुखवटा काढून. बावीस-चोवीसचा असेल. कपाळावर आणि गालांवर रबराचे लाल वण उठले होते. तो एका गाडीत कसलंसं हवा मोजायचं यंत्र ठेवत होता. परुळेकर त्याचं नाव, ते नंतर कळलं.

मी त्याच्यासमोर पोतं ठेवलं तसा तो दोन पावलं मागे सरला. माझ्यापासून नाही, पोत्यापासून.

"काय हाय ह्यात?" मी विचारलं.

"मला बोलायची परवानगी नाही, बाई."

"माझा मालक वर हाय. टीबीचा पेशंट हाय. ह्यात काय हाय ते सांगितल्याबिगर मी तुमची गाडी हलू देणार न्हाई." आणि मी खरंच गाडीपुढे जाऊन उभी राहिले.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "ॲस्बेस्टॉस."

"म्हंजे छपराचं पत्रं? ते तर आमच्या घरावर बी हायेत."

"पत्र्यात तो सिमेंटात बांधलेला असतो. हा मोकळा आहे. त्याची तुसं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात. छातीत जातात आणि तिथंच रुततात. बाहेर निघत नाहीत. लगेच काही होत नाही, बाई. वर्षं जातात. मग श्वास कमी कमी होत जातो. कुणाला कॅन्सर होतो."

"अन् औषध?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "तुम्हाला सूट, मास्क काहीच दिलं नाही? मला सांगितलं होतं की ठेकेदारानं सगळं दिलंय."

"तुम्ही सकाळी पडद्यातनं मला बघितलं की."

त्याचे डोळे खाली गेले. "वर बाविसाव्यावर आत्ता मीटिंग चालू आहे," तो म्हणाला. "खालच्या कंपनीचे लोक आलेत. इमारतीचे मॅनेजर कर्णिक साहेब त्यांना सांगतायत की धूळ बाहेर येणार नाही, सतरावा मजला पूर्ण सील केलाय."

मी पोतं तसंच पाठीवर टाकलं आणि वर आले. मिस्त्री परांचीवरून उतरून भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना तो शब्द सांगितला. नीट उच्चारता येईना, पण त्यांना कळला.

"गिरणीत त्याच नावाची पोती यायची," ते म्हणाले. "आम्ही दगडी कापूस म्हणायचो. पाण्यात कालवायचा अन् नळाला थापायचा. शिमग्याला त्याचं गोळं करून एकमेकाला मारायचो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उगवत होतं.

"कोंडिबा गेला," ते म्हणाले. "पांडू गेला. मोरगिरीचा शंकर गेला. आमची सगळी लेपाची टोळी. सगळ्यांना टीबीच सांगितला. टीबी लागल म्हणून कोंडिबाच्या बायकोनं त्याचं ताट येगळं केलं हुतं. पोरांना जवळ येऊ देत नव्हती. गोठ्यात मेला त्यो."

त्यांना दम लागला. थांबले, श्वास घेतला.

"टीबी नव्हताच त्याला, हौसा."

माझ्या आयुष्यात मला राग पुष्कळदा आलाय. पण त्या वेळी जे आलं त्याला राग म्हणतात की काय ते मला माहीत नाही. डोकं एकदम स्वच्छ झालं. मी ते पोतं उचललं.

"कुठं?" सर्जेरावनं विचारलं.

"वर," मी म्हणाले.

सामानाची लिफ्ट बाविसाव्यापर्यंत जायची. तिथं गालिचा होता. माझे पाय त्यावर पांढरे उमटत गेले. शिपायानं अडवायच्या आत मी काचेचं दार ढकललं. लांब टेबल, भोवती माणसं, समोर चहाचे कप, मागे सगळा समुद्र. मी पोतं टेबलाच्या मधोमध ठेवलं. ठेवताना त्याच्या शिवणीतून थोडासा भुसा उडाला.

इतकी मोठी माणसं इतक्या चपळाईनं उठलेली मी कधी पाहिली नव्हती. खुर्च्या पडल्या. एकानं टायनं नाक दाबलं. कर्णिक साहेब खिडकीला पाठ लावून उभे राहिले. "बाई, ते बाहेर न्या! आधी बाहेर न्या ते!"

"कापूस हाय साहेब," मी म्हणाले. "तुमचा मुकादम म्हणतो, काय होत न्हाई त्यानं. मग पळताय कशाला?"

"सिक्युरिटी!"

"सकाळी आमच्या दाराला बाहेरनं पट्टी मारली. आम्ही आत हुतो. माझा मालक आत हुता. त्याला श्वास घेता येत न्हाई. तुमच्या मशिनींवर धूळ बसती म्हणून तुम्ही आम्हाला धुळीसंगं कोंडलंत."

एक पारशी बाई तेवढी जागची हलली नव्हती. मिस दस्तूर, खालच्या कंपनीच्या मोठ्या अधिकारी. त्यांनी कर्णिकांकडे पाहिलं. "तुम्ही तर सांगितलं, कामगारांना सगळा प्रोटेक्शन दिलाय."

"ती ठेकेदाराची जबाबदारी आहे, मॅडम."

"मी ते विचारला नाही."

मी पोत्याच्या तोंडाची सुतळी हातात धरली. एक ओढ, बस. सगळा भुसा त्या टेबलावर, त्या चहात, त्या गालिच्यावर, त्यांच्या नाकातोंडात. सगळे माझ्या बोटांकडे बघत होते. खरं सांगते, मला ते फार आवडलं. जन्मात पहिल्यांदा मोठी माणसं माझ्या हाताला भीत होती.

दारात चहाचा ट्रे घेऊन कॅन्टीनची बाई उभी होती. आपल्यातलीच, नऊवारीवर कंपनीचा निळा कोट घातलेली. तीही माझ्या बोटांकडेच बघत होती. आणि माझ्या मनात आलं, हे उघडलं तर ही सगळी माणसं लिफ्टनं खाली जातील, आपापल्या गाडीत बसतील. आणि हा गालिचा झाडायला कुणाला बोलावतील? हिला. नाहीतर मला.

मी सुतळी सोडली. उलट आणखी एक गाठ मारली.

"झाडायला आम्हालाच बोलावलं असतंत," मी म्हणाले. "न्हाई तर उघडलं असतं."

मग सिक्युरिटीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. चौकीत संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. हवालदार म्हणाला, मोठ्या लोकांच्या मीटिंगमध्ये घुसलीस, काय समजतेस स्वतःला? मला घ्यायला सर्जेराव आला होता. त्यानं सांगितलं, आम्हा सगळ्यांना कामावरून काढलंय.

मला वाटलं होतं, एवढा तमाशा झाल्यावर काम थांबेल. थांबलंही, थोडे दिवस. मग रंगूबाई सांगत आली की नीलसिंधूच्या मागच्या गेटला नवी टोळी आलीय. लांबची माणसं, बंगालकडची. ज्यांना आमची भाषा कळत नाही आणि कुणी काही सांगायची शक्यता नाही, अशीच आणली असणार.

मिस्त्री अंथरुणात उठून बसले. "मला घिऊन चल."

"तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"घिऊन चल म्हंतो."

टॅक्सीतून नेलं. गेटसमोरच्या फुटपाथवर ती माणसं सकाळची बसली होती. गळ्यात गमछे, पायाशी डबे. चौगुले अजून यायचा होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगायला लागले, ऊपर मत जाव, जहर है. त्यातली एकदोघं हसली. एकजण म्हणाला, "काम जाने का डर है क्या मावशी?" त्यांना वाटलं, आमचं काम त्यांना मिळालं म्हणून आम्ही भांडायला आलोय. त्यांची चूक नव्हती. मीही तसंच समजले असते.

मिस्त्री पुढे झाले. त्यांना सांगायचं खूप होतं. गिरणी, लेप, कोंडिबा, सगळं. त्यांनी तोंड उघडलं. "मैं... बीस साल..." आणि दम संपला. पुन्हा श्वास ओढला. छातीतून असा आवाज आला, जसा कोरड्या पाचोळ्यावरून कुणी चालतंय. "ये काम..." पुन्हा थांबले. ओठ निळे पडले. मी धरायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. ते तिथं उभे राहिले आणि नुसता श्वास घेत राहिले. रस्त्यावर बसगाड्या चालल्या होत्या, तरी तो आवाज ऐकू येत होता.

हसणारे हसायचे थांबले. त्यांच्यातला एक थोराड माणूस, इस्राफील त्याचं नाव, उठून जवळ आला. त्यानं मिस्त्रींना धरून कठड्यावर बसवलं.

"बस, चाचा," तो म्हणाला. "बोलिए मत. समझ गया."

तो वळला आणि आपल्या लोकांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. चौगुले आला तेव्हा एकही जण उठला नाही. चौगुलेनं शिव्या दिल्या, गोड बोलला, पुन्हा शिव्या दिल्या. टोळी फुटपाथवर बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी गेटवर मिस दस्तूर यांची गाडी थांबली. त्यांनी काच खाली करून ते सगळं पाहिलं आणि आत गेल्या. आत काय झालं मला ठाऊक नाही. एवढं कळलं की त्यांच्या कंपनीनं सांगितलं, नीट काम होत नसेल तर आम्ही इमारत सोडतो. कामगार मेले म्हणून नव्हे, भाडेकरू निघाले म्हणून कर्णिक हलले.

त्यानंतर सूट आले. मुखवटे आले. धूळ ओढून घेणारं यंत्र आलं. भुसा ओला करून काढायला पाण्याचे फवारे आले. परुळेकरला इस्राफीलच्या टोळीला सगळं शिकवायला ठेवलं. एका पेपरात फोटोही आला. पांढऱ्या सूटमधली माणसं रांगेत, शेजारी कर्णिक साहेब हसतायत. खाली लिहिलं होतं, कामगारांची सुरक्षितता हेच आमचं पहिलं ध्येय. मी तो पेपर चुलीत घातला.

आमच्यापैकी कुणाला परत घेतलं नाही. सर्जेराव पुढे सहा-सात वर्षांनी तसाच गेला. रंगूबाईचं कळलं नाही, ती गावी गेली. माझ्या छातीच्या फोटोत पांढरे डाग आहेत. दर सहा महिन्यांनी डॉक्टर बघतात आणि म्हणतात, वाढले नाहीत. मी म्हणते, बरं.

मिस्त्री त्या उन्हाळ्यात गेले. जायच्या थोडे दिवस आधी इस्राफील मानखुर्दला आमच्या खोलीवर आला होता. केळी घेऊन. बरोबर एका पिशवीत त्याचा सूट आणि मुखवटा होता. त्याला वाटलं, चाचाला बघून बरं वाटेल.

मिस्त्री उशांना टेकून बसले होते. आडवं होणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. त्यांनी सूट हातात घेतला, बोटांनी चुरगाळून पाहिला.

"कागदाचा हाय?" त्यांनी मला विचारलं.

"तसलाच कायतरी."

"हलका हाय." पुन्हा बोटं फिरवली. "एवढंच लागत हुतं?"

इस्राफीलला मराठी कळली नाही, पण त्यानं मान खाली घातली.

मग मिस्त्रींनी मुखवटा घेतला. उलटापालटा करून पाहिला, गालांवरच्या डब्यांवर टिचकी मारली. इस्राफीलनं पुढे होऊन पट्टे कसे घालायचे ते दाखवलं आणि त्यांच्या तोंडावर नीट बसवून दिला. रबर गालांना घट्ट चिकटलं. मिस्त्रींचे डोळे माझ्याकडे होते. त्यांनी श्वास घ्यायला छाती वर उचलली. हवा आत आली नाही. पुन्हा उचलली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तिसऱ्यांदा त्यांचा हात धडपडत वर आला, आणि मी पट्टे तोडूनच तो मुखवटा ओढून काढला.

त्यातून हवा ओढून घ्यायची ताकद त्यांच्या छातीत उरली नव्हती.